डीझेल मोटारगाडी

डीझेल मोटारगाडी : ज्या प्रवासी मोटारगाडीच्या एंजिनात इंधन ठिणगीने न पेटता केवळ संपीडित (दाबलेल्या) हवेच्या उष्णतेने पेटते, तिला डीझेल मोटारगाडी म्हणतात. मालवाहू मोटारी, बसगाड्या, रेल्वे, जहाजे व शेतीचे पंप यांत डीझेल एंजिन विसाव्या शतकात पक्के स्थिरावले आणि तेथील त्याच्या योग्यतेविषयी दीर्घकाळ फारसा वाद झाला नाही. खाजगी मोटारीत मात्र त्याचे स्थान कधीच कायमचे ठरले नाही. सु. नव्वद वर्षांत ही मोटार टॅक्सीवाल्याचे काटकसरीचे साधन, तेलटंचाईवरील उपाय, हवामानरक्षणास साहाय्यभूत वाहन आणि अखेर काही शहरांत प्रवेश नाकारले गेलेले वाहन अशा निरनिराळ्या भूमिकांतून गेली. या सर्व काळात एंजिनाचे मूलतत्त्व तेच राहिले. बदलले ते इंधनाचे भाव, कर व धुराविषयीचे नियम. म्हणून अशी मोटार बाळगण्याच्या लाभ-तोट्यांचा विचार तिच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही.

मूलभूत गुणदोष : पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण ठिणगी गुडदीने पेटविले जाते. अधिक दाबाखाली हे मिश्रण अवेळी पेटून एंजिनात ठोके पडू लागतात, त्यामुळे त्याचे संपीडन गुणोत्तर मर्यादित ठेवावे लागते. डीझेल एंजिनाच्या सिलिंडरात प्रथम नुसती हवा घेतली जाते. ती १५ ते २२ पट दाबली गेल्याने तिचे तापमान ५००° से.च्या वर जाते व तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. संपीडन जास्त असल्याने इंधनातील उष्णतेचा मोठा भाग उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो. शिवाय या एंजिनाची शक्ती हवेचा मार्ग आवळून नियंत्रित करावी लागत नाही. इंधनाची मात्रा कमी-अधिक केली म्हणजे पुरते. त्यामुळे गाडी संथ चालत असताना पेट्रोल एंजिनात हवा ओढून घेण्यात जी शक्ती वाया जाते, ती येथे बहुतांशी वाचते. कमी गतीलाच भरपूर पीडन परिबल (फिरविण्याची प्रेरणा) मिळते, हाही या एंजिनाचा मोठा गुण होय. भरलेली गाडी घाट चढताना वारंवार गिअर बदलावा लागत नाही, हा अनुभव सह्याद्रीतून प्रवास करणाऱ्या कोणासही नवा नाही.

या गुणांची किंमतही त्यांच्याच पोटी आहे. अधिक दाब सोसण्यासाठी एंजिन जाड व जड बांधावे लागते, म्हणून ते महाग पडते. इंधन एकदम पेटल्याने खडखडाट व कंप होतो. इंधनाचा फवारा हवेत पूर्णपणे मिसळण्यापूर्वीच जळू लागतो, त्यामुळे काजळी धरते. आणि ज्वलनाच्या उच्च तापमानाला हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनाची ऑक्साइडे बनतात. या दोन प्रदूषकांचे नाते विपरीत आहे. ज्वलन थंड केले तर ऑक्साइडे घटतात पण काजळी वाढते, आणि तापविले तर उलट घडते. डीझेल मोटारीच्या उत्तरकालीन अडचणींपैकी बहुतेकींचे मूळ या पेचात आहे.

येथे एका नित्याच्या गैरसमजाचा उल्लेख करावयास हवा. लिटरमागे किती किलोमीटर पडतात यावरून दोन्ही मोटारींची तुलना केली जाते. परंतु डीझेल हे पेट्रोलपेक्षा घन इंधन आहे. एक लिटर डीझेलमध्ये पेट्रोलहून शेकडा दहाच्या वर अधिक ऊर्जा असते व ते जळल्यावर कार्बन डाय-ऑक्साइडही अधिक, म्हणजे सु. २.७ किग्रॅ. निघतो, पेट्रोलच्या बाबतीत हे प्रमाण सु. २.३ किग्रॅ. आहे. म्हणजे डीझेल मोटारीच्या नावलौकिकाचा काही भाग एंजिनाच्या कार्यक्षमतेचा नसून मापाचा आहे. मालकास पैसे लिटरवर मोजावे लागत असल्याने त्याला हा फरक जाणवत नाही, इतकेच.

इतिहास : रूडोल्फ डीझेल (१८५८-१९१३) या जर्मन अभियंत्यांना आपल्या एंजिनाचे एकस्व (पेटंट) फेब्रुवारी १८९३ मध्ये मिळाले. १८९७ मध्ये आउग्सबुर्क येथे घेतलेल्या अधिकृत चाचणीत त्यांच्या एंजिनाची कार्यक्षमता शेकडा २६ च्या आसपास भरली. तत्कालीन वाफ एंजिनांच्या मानाने ही प्रगती विलक्षण होती. तथापि हे एंजिन कित्येक टन वजनाचे असून त्यात इंधन फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचा स्वतंत्र संच लागे, त्यामुळे ते मोटारीत बसविण्याचा प्रश्नच नव्हता. प्रॉस्पेर लोरांज यांनी १९०९ मध्ये योजिलेली पूर्वज्वलन कोठी आणि रोबेर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलेला इंधन अंतःक्षेपण पंप या दोन साधनांनी हा अडसर दूर केला. डीझेल मोटारीचे खरे जनकत्व या पंपाकडे जाते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अमेरिकेत क्लेसी कमिन्स यांनी १९३० च्या आरंभी एका पॅकार्ड मोटारीत डीझेल एंजिन बसवून इंडियाना राज्यातून न्यूयॉर्कपर्यंतचा सु. १,२५० किमी.चा प्रवास केला. त्यांना इंधनाचा खर्च अवघा १.३८ डॉलर आला. डीझेलची ही जाहिरात पुढे अनेक दशके निरनिराळ्या रूपांत होत राहिली.

कारखान्यात नियमितपणे तयार झालेली पहिली महत्त्वाची डीझेल प्रवासी मोटार म्हणजे बर्लिनच्या १९३६ च्या प्रदर्शनात मांडलेली मर्सेडिझ-बेंझ २६० डी ही होय. तिचे एंजिन २,५४५ घ.सेंमी.चे व ४५ अश्वशक्तीचे होते. १०० किमी.ला तिला ९ ते १० लिटर इंधन लागे. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल मोटारीस सु. १३ लिटर लागे. १९४० पर्यंत अशा सु. २,००० गाड्या तयार झाल्या व त्यांतील पुष्कळशा टॅक्सी म्हणून धावल्या. हा योगायोग नव्हता. जो दिवसभर गाडी चालवितो, ज्याचा प्रत्येक किलोमीटर हिशोबात धरला जातो आणि ज्याला आवाज व मंदपणा सोसण्याचा मोबदला रोख मिळतो, त्याच्यासाठीच ही गाडी होती. दुसऱ्या महायुद्धानंतरही मर्सेडिझ व पेझो यांच्या डीझेल मोटारींचा प्रमुख गिऱ्हाईक हाच वर्ग राहिला.

१९७३ च्या तेलसंकटाने हे चित्र पालटले. फोक्सवॅगन कंपनीने १९७६ मध्ये गोल्फ या छोट्या मोटारीत ५० अश्वशक्तीचे डीझेल एंजिन घातले आणि डीझेल मोटार मध्यमवर्गीय घरात आली. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७८ पासून ओल्ड्समोबील व अन्य मोटारींत ५.७ लिटर क्षमतेचे आठ सिलिंडरांचे डीझेल एंजिन बसविले. त्याचा आराखडा पेट्रोल एंजिनावर आधारलेला होता. सिलिंडर शीर्षाचे बोल्ट वाढीव दाबापुढे टिकेनात. डीझेलमधील पाणी वेगळे करणारे साधन नसल्याने पंप गंजत. १९८५ मध्ये ही एंजिने बंद झाली, पण तोवर अमेरिकेतील मोटारमालकांच्या मनातून डीझेल उतरले होते. एका उत्पादनाच्या घाईने एका खंडाची बाजारपेठ पिढीभर बंद व्हावी, असे उदाहरण मोटारीच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

यूरोपात याच सुमारास उलट घडले. टर्बोचार्जरने (निष्कास वायूवर फिरणाऱ्या हवा-संपीडकाने) मंदपणाचा दोष घालविला. १९८९ मध्ये आउडी १०० या मोटारीत सरळ अंतःक्षेपण व टर्बोचार्जर यांचा मेळ घातलेले १२० अश्वशक्तीचे एंजिन आले. १९९७ मध्ये आल्फा रोमेओ १५६ व मर्सेडिझ सी २२० यांत ‘कॉमन रेल’ पद्धती अवतरली. या पद्धतीत एका समाईक नळीत सु. १,३५० बार दाबाखाली इंधन साठवून विद्युतीय नियंत्रणाने हव्या त्या क्षणी, हव्या तितक्या फवाऱ्यांत सोडता येते. मुख्य फवाऱ्याआधी अल्पसा फवारा सोडल्याने खडखडाट पुष्कळ कमी झाला. पुढे दाब २,००० बारच्या वर गेला. आधुनिक डीझेल मोटार म्हणतात ती या क्षणापासून सुरू होते : शांत, चपळ, दूर पल्ल्याची, परंतु जिचे अंतःक्षेपक मनुष्याच्या केसाहूनही बारीक फटींवर चालतात आणि ज्यांना इंधनातील पाण्याचा किंवा मळाचा अंश सोसत नाही, अशी नाजूकही. जुन्या पूर्वज्वलन कोठीच्या एंजिनाची दुरुस्ती रस्त्याकाठच्या मिस्त्रीला करता येई. नव्याला संगणक लागू लागला.

या तांत्रिक यशास करांनी हात दिला. मालवाहतूक स्वस्त राहावी म्हणून यूरोपातील बहुतेक देशांत डीझेलवर पेट्रोलहून कमी कर होता. १९९८ मध्ये तेथील मोटार उद्योगाने नव्या गाड्यांचे कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जन २००८ पर्यंत किलोमीटरला सरासरी १४० ग्रॅमवर आणण्याचे मान्य केले आणि ते साधण्याचा सर्वांत सोपा मार्ग डीझेल हाच होता. ब्रिटनने २००१ पासून वाहन कर कार्बन डाय-ऑक्साइडच्या प्रमाणात आकारला. २०११ च्या सुमारास पश्चिम यूरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डीझेलच्या होत्या. नायट्रोजन ऑक्साइडे व काजळी यांचा भार शहरांतील फुप्फुसांवर पडत होता. तो या हिशोबात धरलेला नव्हता. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डीझेल एंजिनाच्या धुराचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या गटात केला.

भारतातील डीझेल मोटार : भारतात डीझेल हे ट्रक, एसटी बस, ट्रॅक्टर व पंप यांचे इंधन म्हणून शासनाने स्वस्त ठेवले, पेट्रोल हे मोटारवाल्यांचे, म्हणून महाग. या भेदाचा लाभ घेण्याची इच्छा मोटारमालकांना होणे स्वाभाविक होते. कारखान्यांनी डीझेल मोटार देण्यापूर्वीच पेट्रोल एंजिन काढून तेथे डीझेल एंजिन बसवून देण्याचे काम अनेक गॅरेजांतून चाले. १९८० च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसडर मोटार १,४८९ घ.सेंमी. डीझेल एंजिनासह आणली. शक्ती अवघी ३७ अश्वशक्ती असल्याने ती भरल्यावर दमत असे, तरी टॅक्सीसाठी तिला मोठी मागणी आली. पुण्यात टाटांनी १९९१ मध्ये सिएरा व १९९४ मध्ये सुमो या गाड्या काढल्या. सुमो हे नाव कंपनीच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आलेले आहे. डिसेंबर १९९८ मध्ये आलेली टाटा इंडिका ही १,४०५ घ.सेंमी. डीझेल एंजिन घेऊन आलेली लहान भारतीय मोटार होती. तिने प्रशस्त बैठक व डीझेलचा स्वस्त किलोमीटर एकत्र आणले. आरंभीचे तिचे दोष दूर झाल्यावर ती घरोघरी आणि त्याहून अधिक प्रमाणात भाड्याच्या गाड्यांच्या अड्ड्यांवर दिसू लागली.

पुढचा टप्पा फिआटच्या १,२४८ घ.सेंमी. ‘मल्टिजेट’ एंजिनाचा. हे कॉमन रेल एंजिन पुण्याजवळ रांजणगाव येथे व हरयाणात मानेसर येथे तयार होई आणि मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा, फिआट पुंतो अशा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या गाड्यांत एकच हृदय म्हणून धडधडे. मोटार व्यवसायात त्याला विनोदाने ‘राष्ट्रीय एंजिन’ म्हणत.

जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव नियंत्रणमुक्त झाले, डीझेलचे मात्र नियंत्रित राहिले. परिणामी मे २०१२ अखेर दिल्लीत पेट्रोल लिटरला सु. ७३ रु. व डीझेल सु. ४१ रु. अशी स्थिती आली. डीझेल मोटारींसाठी महिनोन्महिने थांबावे लागे. प्रवासी वाहनांच्या विक्रीत डीझेलचा वाटा २०१२-१३ मध्ये निम्म्याच्या घरात किंवा त्याही पुढे गेला. शेतकऱ्याच्या पंपासाठी व एसटीच्या प्रवाशासाठी ठेवलेले अर्थसाहाय्य वीस-वीस लाखांच्या गाड्यांच्या टाक्यांत भरले जात होते, ही विसंगती उघड होती. किरीट पारीख समितीने फेब्रुवारी २०१० मध्येच दोन्ही इंधनांचे भाव मुक्त करावेत व डीझेल मोटारींवर अतिरिक्त उत्पादन शुल्क बसवावे असे सुचविले होते. जानेवारी २०१३ पासून डीझेलचा भाव दरमहा थोडाथोडा वाढविण्यात आला व ऑक्टोबर २०१४ मध्ये तो नियंत्रणमुक्त झाला. २४ जून २०२० रोजी दिल्लीत डीझेल पेट्रोलपेक्षाही किंचित महाग झाले. ही स्थिती अल्पकाळच टिकली, पण तिने जुन्या समजुतीस धक्का दिला.

या बदलाचा मालकाच्या हिशोबावर झालेला परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एकाच नमुन्याची पेट्रोल मोटार लिटरला १५ किमी. व डीझेल मोटार २० किमी. चालते असे मानू. २०१२ च्या वरील भावांनी किलोमीटरमागे सु. २.८० रु. वाचत. डीझेल मोटारीस १ लाख रु. जास्त मोजले असतील तर ते सु. ३५,००० किमी.त वसूल होत. वर्षाला १०,००० किमी. चालविणाऱ्यासही साडेतीन वर्षे पुरत. जून २०२० मध्ये दोन्हींचा भाव ८० रु.च्या आसपास असता बचत सु. १.३३ रु.वर आली. मधल्या काळात नव्या उपकरणांमुळे किमतीतील फरक दीड लाखाचा झाला असे धरले, तर वसुलीसाठी १,१२,००० किमी. म्हणजे त्याच मालकास अकरा वर्षांहून अधिक काळ हवा. २०२४ च्या दिल्लीतील भावांनी (पेट्रोल सु. ९५ रु., डीझेल सु. ८८ रु.) हा काळ आठ वर्षांच्या जवळपास येतो. वर्षाला ४०,००० किमी. धावणाऱ्या गाडीस मात्र तो दोनच वर्षांचा आहे. दुरुस्तीचा खर्च यात धरलेला नाही. १९३६ मध्ये जे टॅक्सीवाल्यास परवडत होते ते त्यालाच परवडते, असे हे गणित सांगते; मधल्या काळात इतरांनाही ते परवडले ते भावांतील फरकामुळे.

धुराचे नियम व नवी उपकरणे : भारतात वाहनांच्या धुराविषयीची मानके यूरोपीय धर्तीवर आखली गेली. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये दिलेल्या अहवालात शासनाने कोणते इंधन वा कोणते तंत्र वापरावे हे न सांगता उत्सर्जनाच्या मर्यादा व इंधनाची शुद्धता ठरवून द्यावी, असे धोरण सुचविले व त्यासाठी कालक्रम आखून दिला. भारत स्टेज चार हे मानक एप्रिल २०१७ मध्ये देशभर लागू झाले आणि पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा अमलात आले. डीझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० वरून ८० मिग्रॅ. व कणद्रव्याची २५ वरून ४.५ मिग्रॅ. अशी खाली आली. इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षांशी ५० भागांवरून १० भागांवर आणले गेले.

हे साधण्यासाठी धुराच्या मार्गात जी साधने बसविली गेली, त्यांनी डीझेल मोटार बाळगण्याचे स्वरूपच बदलले. त्यांपैकी काजळीची गाळणी ही मालकास सर्वाधिक परिचित. गॅरेजात तिला ‘डीपीएफ’ म्हणतात. यूरोपात २००० मध्ये पेझो ६०७ या मोटारीत ती प्रथम आली. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घरांच्या या चिनी मातीच्या ठोकळ्यात काजळी अडते व साचत जाते. ती पुरेशी साचली की एंजिन स्वतः थोडे जादा इंधन उशिरा फवारून गाळणीचे तापमान ६००° से.च्या आसपास नेते व काजळी जाळून टाकते. यासाठी गाडी सलग काही मिनिटे बऱ्यापैकी वेगाने धावावयास हवी. महामार्गावर हे चालकाच्या नकळत होते. पण जी गाडी रोज घर ते कचेरी असे तीन-चार किलोमीटर, तेही सिग्नलांवर थांबत जाते, तिची गाळणी तापतच नाही. जाळण्याची क्रिया अर्ध्यावर तुटते, न जळलेले इंधन सिलिंडराच्या भिंतींवरून वंगण तेलात उतरते, तेलाची पातळी वाढते व त्याचा चिकटपणा घटतो. दर्शकावर दिवा लागतो आणि अखेर एंजिन आपली शक्ती आखडती घेते. शिवाय वंगणातील क्षारांची राख जळत नाही, ती साचतच राहते. म्हणून कमी राखेचे विशिष्ट तेलच वापरावे लागते. गाळणी बदलण्याची वेळ आली तर वर्षांची इंधनबचत एका बिलात जाऊ शकते.

नायट्रोजन ऑक्साइडांसाठी निष्कास वायूचा काही भाग पुन्हा एंजिनात फिरविला जातो. त्याची झडप काजळीने चोंदते. अनेक गाड्यांत युरियाचा ३२.५ टक्के द्राव धुरात फवारून उत्प्रेरकाच्या साहाय्याने या ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी यांत रूपांतर केले जाते. द्रावाची टाकी पूर्ण रिकामी झाल्यास गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होऊ नये अशी योजना असते. प्रवासास निघताना डीझेलबरोबर युरियाचीही चौकशी करावी लागणे, हे जुन्या जीपच्या मालकास खचितच नवलाचे वाटले असते.

एक जोखीम जुनीच आहे, पण आता महाग झाली आहे. डीझेल हे स्वतः पंपास वंगणाचे काम करते, पेट्रोल करीत नाही. चुकून पेट्रोल भरले गेल्यास एंजिन चालू न करता टाकी रिकामी करणे हाच उपाय. रॉकेलच्या भेसळीने जुनी एंजिने धूर ओकीत का होईना चालत. उच्च दाबाच्या पंपास व अंतःक्षेपकांस ती घातक ठरते.

लहान मोटारींत या साधनांचा खर्च बसविणे कारखान्यांना अवघड गेले. मारुतीने एप्रिल २०२० पासून डीझेल मोटारी विकणे थांबविले. प्रवासी वाहनांतील डीझेलचा वाटा त्यानंतर सु. एक-पंचमांशावर आला.

विश्वासाला तडा व शहरबंदी : १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर आरोप ठेवला, की तिच्या डीझेल मोटारींतील संगणक चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती प्रदूषण नियंत्रक साधने पूर्णपणे चालू करतो व एरवी ती सैल सोडतो. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रत्यक्ष रस्त्यावर घेतलेल्या चाचण्यांतून या प्रकरणाला वाचा फुटली होती. कंपनीने आरोप मान्य केला. जगभरच्या सु. १ कोटी १० लाख गाड्यांत अशी आज्ञावली होती. अमेरिकेत बहुसंख्य मालकांना गाडी कंपनीस परत विकण्याचा पर्याय मिळाला. जर्मनीत सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०२० मध्ये मालकास वापराची किंमत वजा जाता भरपाई मागण्याचा हक्क असल्याचा निर्णय दिला. स्वच्छ म्हणून जादा पैसे देऊन घेतलेली वस्तू मुळात तशी नव्हतीच, हे मालकाचे खरे गाऱ्हाणे होते.

यानंतर शहरांनी हात उचलला. फेब्रुवारी २०१८ मध्ये जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने शहरांना डीझेल मोटारींवर बंदी घालण्याची मुभा दिली व हँबर्गने त्याच वर्षी मेअखेर दोन रस्त्यांवर जुन्या डीझेल मोटारी बंद केल्या. लंडनच्या मध्यभागात एप्रिल २०१९ पासून यूरो सहाहून जुन्या डीझेल मोटारींना प्रवेशासाठी दररोज १२.५० पौंड आकार लागू झाला. पेट्रोल मोटारींना मात्र यूरो चार पुरेसे धरले गेले. म्हणजे २००६ सालची पेट्रोल मोटार जेथे विनाशुल्क जाऊ शके, तेथे २०१४ ची डीझेल मोटार बहुधा जाऊ शकत नसे.

दिल्लीत याहून कठोर मार्ग अनुसरला गेला. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डीझेल वाहनांना बंदी केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पेट्रोल वाहनांना ही मुदत पंधरा वर्षांची होती. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने तेथे २,००० घ.सेंमी. व त्यावरील डीझेल मोटारींची नोंदणी थांबविली होती. महिंद्र कंपनीने तत्परतेने १,९९० घ.सेंमी.चे एंजिन बाजारात आणले. दहा-वीस घ.सेंमी.ने धूर कमी होत नाही हे सर्वांस ठाऊक होते. परंतु आकारमानावर नियम बेतला की असेच व्हायचे. ऑगस्ट २०१६ मध्ये किमतीच्या १ टक्का पर्यावरण आकार घेऊन ही नोंदणी पुन्हा सुरू झाली.

दहा वर्षांच्या मुदतीचा अर्थ मालकाच्या दृष्टीने काय होतो, हे वरील हिशोबाशी ताडून पाहता येईल. जून २०२० च्या भावांनी कमी चालणाऱ्या मोटारीची जादा किंमत वसूल होण्याआधीच दिल्लीत तिचे आयुष्य संपत होते. जपून वापरलेली, थोडी चाललेली, सर्व चाचण्यांत उत्तीर्ण होणारी गाडी आणि रात्रंदिवस भाड्यावर धावलेली गाडी यांत हा नियम भेद करीत नव्हता. दुसरीकडे, हिवाळ्यात ज्यांना त्या शहरात श्वास घेणे अवघड होते त्यांच्यापैकी बहुतेकांकडे कसलीच मोटार नसते, हेही विसरता येत नाही. जुलै २०२५ मध्ये मुदत संपलेल्या गाड्यांना इंधनच न देण्याचा प्रयत्न झाला, पण तो काही दिवसांतच स्थगित करावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा आदेश दिला. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले. वयापेक्षा मानकाकडे पाहण्याची ही दृष्टी अधिक न्याय्य म्हणावी लागेल.

सद्यःस्थिती : यूरोपीय संघात २०२५ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत डीझेलचा वाटा एक-दशांशाहूनही खाली होता. भारतात डीझेल लहान मोटारींतून जवळजवळ हद्दपार झाले असले, तरी स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर अशा जड गाड्यांत त्याचे स्थान टिकून आहे. तीनशे-चारशे किलोमीटरचा प्रवास, भरलेली बैठक, घाट व वाईट रस्ते असा ज्यांचा नित्यक्रम आहे, त्यांना त्याला पर्याय अजून सहज सापडत नाही. गाळणीचा दोषही अशा वापरात फारसा डोके वर काढीत नाही. करांचे चित्र संमिश्र आहे. वस्तू व सेवा करात लहान डीझेल मोटारींवर असलेला जादा उपकर २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. महाराष्ट्रात मात्र डीझेल मोटारीवरील वाहन कर पेट्रोल मोटारीपेक्षा शेकडा दोन जास्त दराने घेतला जातो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्याने पेट्रोल मोटारींचे लिटरमागील अंतर थोडे घटले आहे, आणि डीझेलची बाजू तेवढ्यापुरती पुन्हा वर आली आहे.

वापरलेली डीझेल मोटार घेणाऱ्याने गाडीचे वय व अंतर यांबरोबरच ती कोठे व कशी चालली हे पाहणे इष्ट असते. पाच वर्षांत १ लाख किमी. महामार्गावर धावलेली गाडी ही तेवढ्याच वयाच्या, २० हजार किमी. शहरात रखडलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा अधिक निरोगी निघते. दिल्ली परिसरातील मुदतीमुळे तेथील डीझेल मोटारी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन कमी किमतीत इतर राज्यांत विकल्या जात आल्या आहेत. अशी गाडी घेताना तिचे मानक व नव्या राज्यातील पुनर्नोंदणीचा खर्च या दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात.